गेरूची तारीख

आयुष्यात मी दुसऱ्याची सही एकदाच केली. तीही गेरूने, पाण्याच्या टाकीवर, वीतभर उंचीच्या अक्षरांत. लबाडी करायची तर निदान बारीक अक्षरात करावी, एवढीही अक्कल मला वयाच्या साठाव्या वर्षी नव्हती. त्याआधी तीस वर्षं मी रत्नागिरीतल्या एका हायस्कुलात मराठी शिकवलं होतं आणि तिथली माझी ख्याती कशाबद्दल, तर प्रगतिपुस्तकावरची बापाची खोटी सही पकडण्याबद्दल. "बाईंना सहीचा वास येतो," असं पोरं म्हणायची. स्वतःच्या सहीचा काही आला नाही.

सही होती विठ्ठल धुमकांची. माझी नात हल्ली पुण्यात एका मोठ्या कंपनीचे समाजकार्याचे अहवाल लिहिते. परवा फोनवर म्हणाली, "आजी, एका गावातलं काम जवळजवळ झालंय. झालं म्हणूनच लिहू ना?" मी नुसतं "नको" म्हटलं. ती म्हणाली, "का गं?" त्या 'का'चं उत्तर म्हणजे धुमकभाऊ. ते फोनवर मावणारं नाही, म्हणून लिहायला बसले.

निवृत्तीनंतर घरात बसून सुनेच्या आमटीत खोट काढण्यापेक्षा बरं, म्हणून मी एका कंपनीत लागले होते. कंपनी रत्नागिरीपासून तासाभरावर, समुद्राकडे तोंड करून धूर सोडत उभी. नफ्यातला काही वाटा आजूबाजूच्या गावांच्या भल्यासाठी खर्च करायचा आणि काय केलं ते दरवर्षी छापून सांगायचं, असा कायदा तेव्हा नवा नवा होता. खर्च करायला इंजिनिअर होते. छापून सांगायला कोणी नव्हतं. म्हणून मी.

पहिल्याच दिवशी विभागाचे मॅनेजर नाडकर्णीसाहेब मला म्हणाले, "मॅडम, अहवाल म्हणजे पंचनामा नव्हे. लग्नाच्या पत्रिकेसारखा वाटला पाहिजे." मला हे वाक्य इतकं आवडलं की मी ते वहीत उतरवून घेतलं. तेव्हाची मी ही अशी. वरून पांढरे केस आणि सोनेरी काड्यांचा चष्मा, आतून साहेबाने कौतुक केलं की हुरळणारी दोन वेण्यांची मुलगी.

दुसऱ्या दिवशी मला जीपमध्ये धुमकभाऊंच्या शेजारी बसवलं. काम झालेल्या गावांत जाऊन ते खरंच झालंय का, हे बघायला कंपनीने त्यांना रोजंदारीवर ठेवलं होतं. उंच, वाळक्या शेवग्याच्या शेंगेसारखे, खाकी बुशशर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत तीन वस्तू असायच्या: गेरूचा डबा, नारळाच्या सोडणाच्या काथ्याचा घरी केलेला कुंचला आणि स्टीलचं फुलपात्र.

भाऊ मूळचे संगमेश्वराकडचे. उभी नोकरी हिवतापाच्या खात्यात झाली. त्या नोकरीत दर पंधरा दिवसांनी वाडी न् वाडी चालत जायचं, घरोघरी "कोनाला ताप हाय काय?" विचारायचं, ताप असला तर बोट टोचून रक्त घ्यायचं आणि येऊन गेल्याची खूण म्हणून दाराशेजारच्या भिंतीवर तारीख घालायची. मागाहून तपासणीला येणारा साहेब ती तारीख वाचायचा. बाकीचे खडूने लिहीत. खडू पावसात जातो म्हणून भाऊ गेरूने लिहायचे. तारीख आणि खाली 'वि. धु.' निवृत्तीनंतर नोकरी बदलली, गेरू बदलला नाही. कंपनीच्या प्रत्येक टाकीवर, नळावर, शाळेच्या खोलीवर काम पास झालं की त्यांची लाल तारीख पडायची. तालुक्याच्या कचेरीपासून वाडीवरच्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना ती ओळखू यायची.

आमची पहिली भेट एका शाळेच्या स्वच्छतागृहाला होती. बांधून वर्ष झालेलं. चकचकीत फरशी, निळी दारं, दारांवर कंपनीचं बोधचिन्ह. मी वहीत लिहिलं, 'अत्यंत स्वच्छ.' भाऊंनी दार उघडलं, डोळे मिटून भला मोठा श्वास घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, वास नाय."

"मग चांगलंच की!"

"चांगलं कसलं? वर्स झालं नि संडासाला वास नाय. म्हंजे आत कोन जातच नाय."

हेडमास्तर बुटांकडे बघायला लागले. वरच्या टाकीत पाणी चढत नव्हतं, म्हणून वर्षभर कुलूप होतं. आम्ही येणार म्हणून सकाळी उघडलं होतं. मुलं मागच्या करवंदीच्या जाळीत जात होती. मी 'अत्यंत स्वच्छ' खोडलं नाही, पुढे कंसात प्रश्नचिन्ह घातलं. इतकी मी धीट.

शिलाईचं मशीन दिलेल्या घरात शिरले की भाऊ मशीनकडे बघायचेच नाहीत, जमिनीकडे बघायचे. "चिंध्या कुठं हायत?" चिंध्या नसल्या की फाटकाबाहेर. "कामाची घान असते, बाई. घान नाय म्हंजे काम नाय." हे ते चारचौघांत, मोठ्याने, समोरच्या बाईचं तोंड उतरेपर्यंत बोलत. गोड माणूस मुळीच नव्हता. तपासणीच्या घरात चहा घ्यायचे नाहीत, "चहा प्यालं की डोळे नरम होतात" म्हणून, आणि मग जीपमध्ये माझ्या थर्मासातला अर्धा चहा न विचारता संपवायचे. आपल्या डोळ्यांची काळजी त्यांना होती, माझ्या चहाची नव्हती.

उद्घाटनाला ते लांब काजूच्या सावलीत सुपारी कातरत बसायचे. फीत कापली, भाषणं झाली, पाहुण्यांच्या गाड्या गेल्या, मांडवाच्या दोऱ्या सुटल्या की मग उठायचे. नळाखाली फुलपात्र धरायचे, पाणी प्यायचे आणि पोटात काही ऐकू येतंय का अशा चेहऱ्याने मिनिटभर उभे राहायचे. मग गेरू कालवायचे. पाणी नसलं तर फुलपात्र उपडं करून पिशवीत टाकायचे आणि महिन्याने परत यायचे. त्यामुळे आमच्या छापील कागदावरची तारीख आणि टाकीवरची तारीख कधी जुळायची नाही. मी एकदा तक्रार केली तर म्हणाले, "फीत कापली ती तुमची तारीख. पानी पोटात गेलं ती माजी."

मुख्य कचेरीकडून आलेल्या तक्त्यात दोनच रकाने होते, 'पूर्ण' आणि 'प्रगतिपथावर'. भाऊंनी पेनने तिसरा आखला आणि वर लिहिलं, 'पानी आलं काय?' तो तक्ता मी साहेबांना हसत हसत दाखवला. साहेबही हसले. दोघांनी मिळून हसायची ती शेवटची खेप, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

एका पावसाळ्यात वाटेवर दरड आली आणि आम्ही जीपमध्ये दोन तास अडकलो. तेव्हा भाऊंनी आपणहून एक गोष्ट सांगितली. नोकरीला लागून चारेक वर्षं झाली असतील. गणपती तोंडावर आले होते, घरी लवकर जायचं होतं. म्हणून एका वाडीत त्यांनी आदल्या फेरीलाच भिंतीवर पुढच्या फेरीची तारीख घालून ठेवली.

"पंधरा दिसांनी माजा साहेब तपासनीला गेला. एका घरात सून तापानं फनफनत होती. त्यानं भितीवर आदल्या दिसाची तारीख बगितली. म्हनला, हितं मानूस येऊन गेलाय. नि पुढं गेला."

"मग?"

"मग काय. भित अजून हाय, घर नाय." काचेवरून पाणी ओघळत होतं, तिकडे बघत ते म्हणाले, "तारीख वाचनारा आत डोकावत नाय, बाई."

आणि मी काय केलं? डोळे पुसले आणि मनात म्हटलं, ही गोष्ट अहवालात रंगीत चौकटीत किती सुंदर दिसेल! खरं सांगते, शीर्षकसुद्धा सुचलं होतं.

पुढच्या मार्चात कातळवाडीची योजना होत आली. कातळवाडी सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाटीवर, तीसेक घरांची. आजूबाजूला काळाशार उघडा कातळ. खाली पऱ्याकाठी, ओढ्याच्या कडेला, विहीर खोदली, पंप बसवला, वर टाकी बांधली, दारोदारी नळ लावले. सगळं झालं, फक्त पंपाला वीज नव्हती. ती आठ दिवसांत येणार होती. अहवाल छापखान्यात जायला चार दिवस होते. मुखपृष्ठावर कातळवाडीची टाकी, समोर हंडा घेतलेल्या हसऱ्या बायका, असं साहेबांचं ठरलं होतं. पुण्याहून फोटोवाला आला. भाऊ शिमग्याला पालखीसाठी गावी गेले होते.

फोटोवाला कॅमेऱ्यातून बघून म्हणाला, "मॅडम, टाकी फारच कोरी दिसतेय. बाकीच्या फोटोंत ते लाल काहीतरी लिहिलेलं छान दिसतं."

भाऊंची पिशवी जीपच्या पाठच्या सीटखाली होती. वाडीतल्या बायका अजून पाण्यावरून वर यायच्या होत्या. अंगणवाडीतली प्लास्टिकची खुर्ची आणली, पदर खोचला आणि चढले. आठ दिवसांत पाणी येणारच होतं, मी फक्त जरा पुढे होते. त्यांच्या अक्षराचे कोपरे, 'धु'चा लांब उकार, हुबेहूब उतरवला. त्या दिवशीची तारीख. वि. धु. खाली उतरून चार पावलं मागे जाऊन पाहिलं आणि स्वतःलाच मनात दहापैकी दहा दिले.

शिमग्याहून परतल्यावर भाऊंनी जीपमध्ये पिशवी उघडली. "माजा कुंचला कुनी वापरला?"

"पेंटरने घेतला असेल," मी म्हटलं.

"पेंटर कुंचला धुऊन ठेवतो, बाई."

मी खिडकीबाहेर बघितलं. त्यांनीही पुढे विचारलं नाही. कातळवाडीला जायचं त्यांना कारण नव्हतं. वीज आली की जायचं, असं त्यांच्या वहीत होतं.

वीज आली नाही. अहवाल आला. जाड गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर माझी कलाकृती. प्रती मुंबईला गेल्या, परदेशातल्या भागधारकांना गेल्या, एका पुरस्काराच्या समितीला गेल्या आणि स्नेहपूर्वक म्हणून एक तालुक्याच्या कचेरीतही गेली.

एप्रिल सरत आला तेव्हा समितीची माणसं पुढच्या गुरुवारी बघायला येणार असं कळलं. तयारी बघायला म्हणून शुक्रवारी सकाळी भाऊ आणि मी कातळवाडीला गेलो. वाडीच्या तोंडाशीच जीप थांबली. रस्त्यावर हंडे मांडलेले होते, एकाला एक चिकटून, या कडेपासून त्या कडेपर्यंत. पाठीमागे बायका बसल्या होत्या.

त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या चंद्राकाकी उठल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. सरळ भाऊंच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"या, धुमकभाऊ. तारीख घालून गेलाव, ती कशी पिवाची तेवडं दाखवा."

"कसली तारीख?"

"आता कसली इचारतो बगा! दर साली ह्या दिसांत टँकर येतो. औंदा नाय. सरपंचानं इचारलं तर तालुक्याला सांगतात, तुमच्याकडं नळाचं पानी हाय, धुमकांची तारीख पडली. आमी पऱ्यात झरा उपसताव. दोन हंड्यांना अर्दा दिस जातो. माजी सून सातव्या महिन्यात हंडा घेऊन चढते. तुमची तारीख तिच्या डोक्यावर ठेवू काय?"

भाऊ टाकीपाशी गेले. मी मागोमाग. ते तारखेसमोर उभे राहिले. पहिल्यांदा अक्षरांकडे बघितलं, मग टाकीखालच्या मातीत, जिथे खुर्चीच्या चार पायांचे खड्डे अजून होते. मग नळ सोडला. नळ फुसफुसला आणि गप्प झाला. फुलपात्र त्यांनी पिशवीतून काढलंच नाही.

"काकी," ते परत येऊन म्हणाले, "अक्षर माजंच दिसतं. टँकर मी आनतो. वाट सोडा."

बायकांनी हंडे उचलले.

तिथून आम्ही तालुक्याला. टंचाईच्या टेबलावरचे कारकून भाऊंना ओळखत होते. त्यांनी खणातून आमचा अहवाल काढला, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला. "भाऊ, तुमची तारीख असली की मी माणूस पाठवत नाही बघायला. म्हणून वाडी टँकरच्या यादीतून काढली. आता सोमवारी अकराला बैठक, मे महिन्याची यादी त्यात कायम होते. त्याआधी कंपनीचं लेखी आणा, योजना सुरू नाही म्हणून. तोंडी चालायचं नाही, हे छापील आहे ना."

छापील आहे ना. माझ्या गद्याची इतकी मोठी पावती मला आयुष्यात मिळाली नव्हती.

भाऊ मुखपृष्ठाकडे बराच वेळ बघत राहिले. परतीच्या वाटेवर एकदाच पिशवीतून कुंचला काढला, त्याच्या टोकावरून अंगठा फिरवला आणि परत ठेवला. मी थर्मास पुढे केला. "नको," म्हणाले. तेव्हा मला कळलं की त्यांना कळलंय.

शनिवारी साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं. साहेब कधी नव्हे ते टाय सैल करून बसलेले. "गुरुवारी समिती येतेय आणि योजना बंद आहे असं मी कंपनीच्या कागदावर लिहून देऊ? वीज पंधरा दिवसांत येईल. तोवर कळ काढायला सांगा."

"वाडी उन्हात बसलीय, साहेब," भाऊ म्हणाले.

"मग एकच मार्ग. तारीख तुमची आहे, धुमक. तुम्ही वैयक्तिक लिहून द्या की नजरचुकीने घातली. कंपनीचा संबंध नाही. पुढच्या महिन्यापासून तुम्हाला येता येणार नाही, तेवढं समजून घ्या."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी तेव्हा टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत होते.

भाऊ म्हणाले, "द्या कागद. सोमवारच्या आदी जायला हवा." मग माझ्याकडे न बघता, कोणालाच उद्देशून नाही असं, "माजी एक खोटी तारीख हायच. दोन झाल्या."

त्यांनी लिहायला घेतलं. सावकाश, एकेक अक्षर खोदल्यासारखं. 'मी विठ्ठल धुमक लिहून देतो की कातळवाडीच्या टाकीवरील तारीख मी...' इथे पेन थांबलं. त्यांनी मान वर केली आणि पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं.

"बाई, तुमी मराठीच्या. सांगा. 'चुकून' लिवू का 'मुद्दाम'?"

आवाजात टोमणा नव्हता, रागही नव्हता. त्यांना खरंच विचारायचं होतं, कारण खोटं असलं तरी नीट लिहिलं गेलं पाहिजे, असा तो माणूस होता. तीस वर्षं मी पोरांना बाकावर उभं करून हाच प्रश्न विचारला होता. एकालाही उत्तर देता आलं नव्हतं, आणि त्यावरून मी त्यांना जास्त बोलले होते.

मी कागद ओढून घेतला. "मुद्दाम," मी म्हटलं. त्यांचं नाव खोडलं, माझं घातलं. तारीख मी घातली, सही मी नक्कल केली, नळाला एकदाही पाणी आलेलं नाही, अहवालातलं कातळवाडीचं पान मी लिहिलं आणि ते खोटं आहे. स्वल्पविराम सगळे जागेवर होते, एवढंच त्या मजकुराचं साहित्यिक मूल्य.

साहेब उठून उभे राहिले. "मॅडम, आपण काय करताय ते कळतंय का? ह्याच्यावर माझा शिक्का मिळणार नाही."

शिक्क्याशिवायचा कागद घेऊन सोमवारी आम्ही एसटीने तालुक्याला गेलो, जीप मिळण्याचा प्रश्नच नव्हता. अकराला दहा कमी असताना कारकुनांनी तो दोनदा वाचला. एकदा कागदाकडे, एकदा माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं. "बाई, ह्यावर कंपनीचा शिक्का नाही. एका बाजूला हे हाताने लिहिलेलं, एका बाजूला ते छापलेलं. मी साहेबांना काय सांगू?"

भाऊ म्हणाले, "कायबी सांगू नका. नळ सोडून बगा."

कारकुनांनी खणाला कुलूप लावलं, आत जाऊन कातळवाडीचं नाव संध्याकाळपर्यंत उघडं ठेवा असं सांगून आले आणि छत्री घेऊन आमच्यासोबत निघाले. दुपारच्या टळटळीत उन्हात त्यांनी वाडीतला एकेक नळ स्वतः सोडला. पाचव्या नळाशी त्यांनी छत्री मिटली आणि चंद्राकाकींना म्हणाले, "काकी, मी आधी यायला हवं होतं." काकी म्हणाल्या, "आता आलाव ना, मग झऱ्यावरबी चला." कारकुनांना पऱ्यात उतरवून, चढ चढवून आणल्याशिवाय काकींनी सोडलं नाही.

बुधवारी टँकर आला. गुरुवारी समिती आली आणि तिने जो फोटो काढला त्यात कंपनीचं नाव लिहिलेल्या टाकीशेजारी टँकर, आणि टँकरपासून वाडीपर्यंत हंड्यांची रांग. पुरस्कार मिळाला नाही हे सांगायला नकोच. माझी मुदत संपल्याचं पत्र आलं, पण त्याआधी अहवालाच्या उरलेल्या प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवायचं काम मात्र माझ्याकडूनच करून घेतलं. आठवडाभर बोटांना डिंक होता. भाऊंना काढलं नाही. काढलं असतं तर टाक्यांवर तारीख कोण घालणार, असं म्हणे कोणीतरी वरून विचारलं.

त्या सोमवारपासून भाऊ मला एक शब्द बोलले नाहीत. बरं किंवा वाईट. मे संपता संपता घरी फोन आला. "धुमक बोलतो. कातळवाडीला या." आणि ठेवला. त्यानंतर दोन पावसाळ्यांनी भाऊ गेले. ती बातमी मला उशिरा कळली. म्हणून माझ्यापुरतं त्या दिवशीचं त्यांचं दर्शन शेवटचं.

मी एसटीने गेले, फाट्यापासून चढ चालत. पर्समध्ये एक जुनं फडकं आणि साबणाचा तुकडा घेतला होता, का ते ओळखलंच असेल. टाकीपाशी वाडीतल्या बायका होत्या. कोणी मला ये म्हटलं नाही, जाही म्हटलं नाही. चंद्राकाकींनी फक्त मांडीवरचं नातवंड या बाजूचं त्या बाजूला घेतलं आणि मला बसायला दगड मोकळा केला.

भाऊंनी नळाखाली फुलपात्र धरलं. पाणी आधी लालसर आलं, खोकलं, मग स्वच्छ झालं. ते प्याले. नेहमीसारखे मिनिटभर उभे राहिले. मग फुलपात्र परत भरून माझ्यापुढे केलं. पाण्याला नव्या पायपाचा वास होता. मी सगळं प्यायले.

त्यांनी गेरू कालवला. माझ्या तारखेच्या बरोबर खाली, तेवढ्याच अक्षरांत, त्या दिवशीची तारीख घातली. वि. धु. खुर्ची लागली नाही, त्यांचा हात पोचत होता. कुंचला माझ्या हातात दिला. "धुऊन द्या. ह्या बारीला."

मी नळाखाली कुंचला धुतला, झाडला, त्यांच्या पिशवीत ठेवला. मग फडकं काढलं, ओलं केलं, साबण लावला आणि वरची तारीख पुसायला टाचा उंचावून हात वर केला. भाऊंनी माझं मनगट धरलं.

"पुसू नका, बाई. वरची तुमची, खालची माजी. जानारा येनारा दोनी वाचील नि इचारील, ह्या मधल्या दिसांत पानी कुनाच्या डोक्यावरनं आलं."